जपानी उद्योगसंस्कृतीतील जाहीर क्षमायाचना

एखाद्या कंपनीच्या हातून अपघात, सदोष उत्पादन, हिशेबांतील अफरातफर किंवा अन्य गैरप्रकार घडल्यावर तिच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी पत्रकारांसमोर उभे राहून, कमरेतून लवून माफी मागण्याची प्रथा जपानमध्ये रूढ आहे. अशा पत्रकार परिषदेस जपानी भाषेत ‘शाझाई काइकेन’ म्हणतात. ‘शाझाई’ म्हणजे क्षमायाचना आणि ‘काइकेन’ म्हणजे पत्रकारांशी भेट. ही प्रथा केवळ शिष्टाचाराची बाब नाही. नुकसानभरपाई, राजीनामे, न्यायालयीन कारवाई आणि कंपनीचे पुढील अस्तित्व यांच्याशी तिचा संबंध येतो. मात्र अशा क्षमायाचनेत नेमके काय कबूल केले जाते आणि काय कबूल केले जात नाही, हा प्रश्न जपानमध्ये दीर्घकाळ वादाचा राहिला आहे. तो विशेषतः पीडितांनी व मृतांच्या नातेवाइकांनी लावून धरलेला आहे.

संज्ञा आणि शब्दार्थ

जपानी भाषेत माफीसाठी अनेक शब्द आहेत व त्यांची वजने वेगवेगळी आहेत. दैनंदिन व्यवहारातील ‘सुमिमासेन’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘हे संपत नाही’, म्हणजे मनावरील ओझे फिटत नाही, असा आहे. रस्त्यात धक्का लागला तरी तो उच्चारतात आणि कोणी उपकार केले तरीही. कंपन्यांच्या निवेदनांत येणारा ‘मोशिवाके गोझाइमासेन’ हा प्रयोग औपचारिक असून त्याचा शब्दशः अर्थ ‘सांगण्यासारखी सबब नाही’ असा होतो. मराठीत ‘दिलगिरी व्यक्त करणे’ आणि ‘माफी मागणे’ यांत जो फरक जाणवतो, तसाच काहीसा फरक येथेही आहे. दिलगिरीत खेद असतो, पण दोष स्वतःकडे घेतलेला असेलच असे नाही.

या संदर्भात आणखी तीन शब्द महत्त्वाचे आहेत. ‘हाजि’ म्हणजे लाज किंवा शरम. ‘मेइवाकु’ म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्यास झालेला त्रास. ‘सेकेन’ म्हणजे ज्याच्या नजरेची माणूस पर्वा करतो तो भोवतालचा समाज. ‘चारचौघांत शोभत नाही’ असे मराठीत म्हणतात, त्यातील ‘चारचौघे’ हा सेकेनचा सर्वांत जवळचा प्रतिशब्द ठरावा. जाहीर क्षमायाचनेतील ठरलेले वाक्य ‘सेकेनला खळबळीचा त्रास दिल्याबद्दल’ माफी मागते. टीकाकारांच्या मते मुख्य अडचण या वाक्यातच आहे. त्यात समाजाची शांतता भंग केल्याची कबुली असते, परंतु प्रत्यक्ष कृत्याची कबुली असेलच असे नाही.

गैरप्रकारास ‘फुशोजि’ आणि जबाबदारी स्वीकारून दिलेल्या राजीनाम्यास ‘इन्सेकि जिनिन’ म्हणतात.

स्वरूप

शाझाई काइकेनची मांडणी बरीचशी ठरलेली आहे. गडद रंगाचे सूट घातलेले तीन ते पाच अधिकारी लांब टेबलामागे येतात, अध्यक्ष मध्यभागी उभे राहतात, निवेदन वाचले जाते आणि सर्वजण एकाच वेळी लवतात. त्या क्षणी छायाचित्रकारांचे दिवे लखलखतात व दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत तेच छायाचित्र येते.

लवण्याचे अंश शिष्टाचाराच्या शिक्षणात सांगितले जातात. ओळखीचा साधा नमस्कार सुमारे १५ अंशांचा (एशाकु), आदराचा ३० अंशांचा (केइरेइ) आणि सर्वांत गंभीर ४५ अंशांचा (साइकेइरेइ) असतो. क्षमायाचनेत शेवटचा अपेक्षित असून कोन व कालावधी या दोहोंची चर्चा माध्यमांत होते. याहून तीव्र प्रकार म्हणजे ‘दोगेझा’. त्यात जमिनीवर गुडघे टेकून कपाळ जमिनीजवळ नेले जाते. पत्रकार परिषदेत तो सहसा केला जात नाही, पीडितांच्या प्रत्यक्ष भेटीत मात्र त्याची उदाहरणे आहेत.

या प्रथेचे मूळ सामुराईंच्या आत्मबलिदानात शोधण्याची सवय परदेशी वृत्तलेखनात आढळते. हा संबंध आकर्षक असला तरी सैल आहे. कॅमेऱ्यांसमोर रांगेने लवणारे अधिकारी हे युद्धोत्तर वृत्तमाध्यमांच्या, विशेषतः दूरचित्रवाणीच्या काळातील दृश्य आहे.

इतिहास

मिनामाता

क्षमायाचना आणि जबाबदारी यांतील तफावत सर्वांत कठोरपणे प्रकट झाली ती मिनामाता प्रकरणात. क्युशू बेटावरील कुमामोतो प्रांतातील मिनामाता येथे चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना होता. त्याच्या सांडपाण्यातील पाऱ्याचे संयुग उपसागरातील माशांत साचले आणि मासे खाणाऱ्यांना मज्जासंस्थेचा भीषण विकार जडला. मे १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ साली कंपनीच्याच रुग्णालयातील डॉक्टरांनी सांडपाणी मिसळलेले अन्न मांजराला खाऊ घातले असता तीच लक्षणे दिसली, पण हा निष्कर्ष बाहेर येऊ दिला गेला नाही.

त्याच वर्षी ३० डिसेंबरला कंपनीने रुग्णांशी करार केला. मृत्यूबद्दल ३ लाख येन आणि प्रौढ रुग्णास वर्षाला १ लाख येन अशा त्यातील रकमा होत्या. या पैशाला ‘मिमाइकिन’ असे नाव देण्यात आले. आजारी माणसाच्या भेटीस जाताना सहानुभूती म्हणून जो पैसा नेतात, त्याचे हे नाव आहे. ही नुकसानभरपाई नव्हे, हे नावातूनच सूचित होत होते. पुढे रोगाचे कारण कंपनीचे सांडपाणी असल्याचे सिद्ध झाले तरी नव्याने भरपाई मागायची नाही, असे कलमही करारात होते.

सप्टेंबर १९६८ मध्ये सरकारने रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले. त्यानंतर चिस्सोचे अध्यक्ष रुग्णांच्या घरोघरी जाऊन माफी मागू लागले. तोवर नोंदीपासून बारा वर्षे लोटली होती. नोव्हेंबर १९७० मध्ये ओसाका येथे झालेल्या भागधारकांच्या सभेला रुग्ण व त्यांचे समर्थक एकेक समभाग विकत घेऊन उपस्थित राहिले. अंगावर यात्रेकरूंची पांढरी वस्त्रे होती. एका स्त्रीने मृत आईवडिलांची स्मृतिफलके अध्यक्षांसमोर धरून जाब विचारला. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतो जिल्हा न्यायालयाने कंपनीला दोषी धरले आणि १९५९चा करार सार्वजनिक नीतीविरुद्ध म्हणून रद्दबातल ठरवला. त्यानंतर रुग्णांनी कंपनीच्या टोकियोतील मुख्यालयात अध्यक्षांशी समोरासमोर वाटाघाटी केल्या व जुलै १९७३ मध्ये भरपाईचा करार झाला. या वाटाघाटींत रकमेइतकाच, कंपनीने आपले कृत्य कोणत्या शब्दांत कबूल करावे, हा मुद्दाही कळीचा होता.

१९८५ ते २०००

१२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे १२३ क्रमांकाचे विमान गुन्मा प्रांतातील डोंगरात कोसळून ५२० जण मृत्युमुखी पडले. केवळ चौघे वाचले. विमानाच्या शेपटीकडील दाबरोधक भिंतीची १९७८ नंतर बोइंग कंपनीने केलेली सदोष दुरुस्ती हे त्याचे कारण ठरले. तरीही मृतांच्या नातेवाइकांसमोर नतमस्तक झाले ते जपान एअरलाइन्सचे अध्यक्ष यासुमोतो ताकागि, आणि पद सोडले तेही त्यांनीच. दोष तांत्रिकदृष्ट्या कोणाचा, यापेक्षा प्रवासी कोणाच्या स्वाधीन होते, हा निकष येथे लावला गेला.

२४ नोव्हेंबर १९९७ रोजी शंभर वर्षांची परंपरा असलेल्या यामाइचि सिक्युरिटीज या दलाली पेढीने कामकाज बंद करीत असल्याचे जाहीर केले. सुमारे २६० अब्ज येनचे नुकसान हिशेबाबाहेर लपवण्यात आले होते. अध्यक्ष शोहेइ नोझावा पत्रकारांसमोर रडू लागले. दोष आम्हा वरिष्ठांचा आहे, कर्मचाऱ्यांचा नाही, त्यांना नोकऱ्या द्या, अशी विनवणी त्यांनी केली. लपवाछपवी त्यांच्या आधीच्या काळातील होती व ते स्वतः जेमतेम तीन महिन्यांपूर्वी अध्यक्ष झाले होते. हे दृश्य जपानच्या आर्थिक मंदीचे प्रतीक मानले जाते. नोझावांच्या बोलण्यात ठराविक निवेदनाची भाषा नव्हती आणि माफी जगापेक्षा स्वतःच्या सुमारे साडेसात हजार कर्मचाऱ्यांसाठी होती, म्हणून ते लोकांच्या स्मरणात राहिले.

याच्या उलट उदाहरण स्नो ब्रँड या दुग्धकंपनीचे आहे. २००० सालच्या उन्हाळ्यात तिच्या दुधामुळे प्रामुख्याने ओसाका परिसरात १३ हजारांहून अधिक लोकांना विषबाधा झाली. होक्काइदोतील ताइकि कारखान्यात वीज गेल्यामुळे भुकटीसाठीच्या दुधात जिवाणूंचे विष तयार झाले होते. पत्रकार परिषद संपवून निघालेल्या अध्यक्षांना पत्रकारांनी अडवले, तेव्हा आपण झोपलेलोही नाही, असे ते त्रासून म्हणाले. त्यावर, झोप आम्हालाही मिळालेली नाही आणि तान्ही मुले रुग्णालयात आहेत, असे एका पत्रकाराने सुनावले. हा प्रसंग दूरचित्रवाणीवर वारंवार दाखवला गेला व काही दिवसांत अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. १९५५ साली याच कंपनीच्या याकुमो कारखान्यातील दूधभुकटीने टोकियोतील शाळकरी मुलांना विषबाधा झाली होती आणि तेव्हाही वीज जाणे हे एक कारण होते. त्या वेळच्या अध्यक्षांनी तत्काळ चूक मान्य करून सर्व कर्मचाऱ्यांना उद्देशून लिहिलेले पत्र अनेक वर्षे नव्या भरतीच्या लोकांना वाचायला दिले जाई. पुढे ही प्रथा बंद पडली.

२००७ साली ओसाका येथील सेन्बा किच्चो या प्रतिष्ठित उपाहारगृहाच्या पत्रकार परिषदेत मालकीणबाई शेजारी बसलेल्या मुलाला उत्तरे कुजबुजून सांगत होत्या. ध्वनिक्षेपकामुळे ती सर्वांना ऐकू गेली. मुदतीच्या तारखा बदलल्याचे हे प्रकरण होते. पुढील वर्षी, ग्राहकांनी पानात टाकलेले पदार्थ पुन्हा वाढले जात असल्याचे उघड झाल्यावर उपाहारगृह कायमचे बंद झाले.

अमागासाकी अपघात आणि संस्थेअंतर्गत शरम

जाहीर क्षमायाचनेवरील लेखनात बहुधा वरिष्ठांच्या शरमेचाच विचार होतो. कंपनीच्या आत कनिष्ठांवर लादल्या जाणाऱ्या शरमेचे परिणाम २५ एप्रिल २००५ च्या रेल्वे अपघातात दिसून आले.

जेआर वेस्ट कंपनीच्या फुकुचियामा मार्गावरील गाडी ह्योगो प्रांतातील अमागासाकीजवळ वळणावर रुळांवरून घसरून एका रहिवासी इमारतीवर आदळली. २३ वर्षांच्या चालकासह १०७ जण मरण पावले व ५६२ जखमी झाले. वळणावरील वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर होती. गाडीचा वेग सुमारे ११६ किलोमीटर होता. गाडी आधीच्या इतामि स्थानकात ठरलेल्या जागेपेक्षा सुमारे ७२ मीटर पुढे गेली होती आणि ती मागे आणताना दीड मिनिटाच्या आसपास उशीर झाला होता. चालकाने गार्डला हे अंतर कमी करून सांगण्याची विनंती केली. गार्डने नियंत्रण कक्षाला ‘८ मीटर’ असे कळवले. हे संभाषण चालक ऐकत असावा व त्यामुळे ब्रेक लावण्यास उशीर झाला असावा, असा निष्कर्ष चौकशी आयोगाने जून २००७ च्या अहवालात काढला.

या भीतीमागे ‘निक्किन क्योइकु’ ही पद्धत होती. नावाला ते फेरप्रशिक्षण होते. प्रत्यक्षात चूक करणाऱ्या चालकाला कामावरून बाजूला काढून वरिष्ठांच्या नजरेसमोर दिवसच्या दिवस कबुलीपत्रे लिहायला लावणे, नियमावली उतरवून काढायला लावणे असे प्रकार त्यात चालत. या चालकाला आदल्या वर्षी अशाच चुकीसाठी तेरा दिवस या पद्धतीतून जावे लागले होते. वळणावर गाडी आपोआप रोखणारी अद्ययावत यंत्रणा बसवलेली नव्हती हे खरे, परंतु आयोगाने या शिक्षेच्या परिणामाचीही नोंद घेतली.

कंपनीच्या अधिकाऱ्यांनी अपघातानंतर अनेकवार लवून माफी मागितली. मात्र अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वी तत्कालीन अध्यक्षांनी आयोगाच्या एका सदस्यामार्फत मसुदा मिळवल्याचे २००९ मध्ये उघड झाले, आणि आधीच्या माफीचे मोल नातेवाइकांच्या दृष्टीने उरले नाही. फौजदारी खटल्यांत त्या अध्यक्षांची २०१२ मध्ये, तर इतर तीन माजी अध्यक्षांची २०१७ मध्ये अंतिमतः निर्दोष मुक्तता झाली. एप्रिल २०१६ पासून कंपनीने, हेतुपुरस्सर नसलेल्या मानवी चुकांबद्दल कर्मचाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई न करण्याचे धोरण स्वीकारले. दुर्घटनास्थळी २०१८ मध्ये स्मृतिस्थळ खुले झाले असून इमारतीचा काही भाग तेथे जतन केला आहे. जपान एअरलाइन्सनेही १२३ क्रमांकाच्या विमानाचे अवशेष २००६ पासून हानेदा विमानतळाजवळील सुरक्षा केंद्रात ठेवले आहेत. अवशेष नष्ट करू नयेत, अशी मृतांच्या नातेवाइकांची मागणी होती.

या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २०१७ मधील एक घटना वेगळी वाचता येते. त्सुकुबा एक्स्प्रेस मार्गावरील एक गाडी मिनामि-नागारेयामा स्थानकातून २० सेकंद लवकर सुटली. प्रवाशांची तक्रार नसतानाही कंपनीने जाहीर माफी मागितली. जगभरच्या माध्यमांनी हे कौतुकाने छापले. सेकंदांच्या याच काटेकोरपणाची दुसरी बाजू अमागासाकीला दिसली होती, याचा उल्लेख त्या कौतुकात क्वचितच आला.

तोयोता आणि तेप्को

२०१० मध्ये वेगनियंत्रणातील दोषांच्या तक्रारींमुळे तोयोताला जगभरातून ८० लाखांहून अधिक वाहने परत मागवावी लागली. अध्यक्ष आकिओ तोयोदा ५ फेब्रुवारी रोजी नागोया येथे पत्रकारांसमोर आले, तेव्हा त्यांचे लवणे पुरेसे खोल नव्हते अशी टीका झाली. चार दिवसांनी ते अधिक लवले. २४ फेब्रुवारीस त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देऊन खेद व्यक्त केला. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल तोयोताने २०१४ मध्ये अमेरिकी न्यायखात्याशी तडजोड करून १.२ अब्ज डॉलर भरले.

मार्च २०११ मधील फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर तेप्को या वीजकंपनीचे अध्यक्ष मासाताका शिमिझु बराच काळ लोकांसमोर आले नाहीत. मध्यंतरी ते रुग्णालयातही होते. ११ एप्रिलला ते फुकुशिमाला गेले असता राज्यपालांनी त्यांची भेट नाकारली. २२ एप्रिलला भेट झाली व त्याच दिवशी कोरियामा येथील निर्वासित केंद्रात शिमिझुंनी गुडघे टेकून घरादाराला मुकलेल्या लोकांची माफी मागितली. फौजदारी जबाबदारीच्या खटल्यात कंपनीच्या तीन माजी वरिष्ठ अधिकाऱ्यांना टोकियो जिल्हा न्यायालयाने २०१९ मध्ये निर्दोष ठरवले.

कायद्यातील स्थान

जपानच्या नागरी संहितेच्या ७२३व्या कलमानुसार बदनामीच्या प्रकरणात न्यायालय प्रतिष्ठा पूर्ववत करण्यासाठी योग्य उपाय योजण्याचा आदेश देऊ शकते. वृत्तपत्रांत माफीनामा छापण्याचा आदेश याच कलमाखाली दिला जातो. अशी सक्ती सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा भंग करते, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने ४ जुलै १९५६ रोजी फेटाळला. मनात नसलेली माफी ती माफी कसली, हा प्रश्न मात्र त्या निकालापासून आजवर विधिज्ञांना सुटलेला नाही.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २४८व्या कलमाखाली सरकारी वकील गुन्ह्यानंतरची परिस्थिती विचारात घेऊन खटला न भरण्याचा निर्णय घेऊ शकतात. त्यामुळे पीडिताशी समझोता आणि पश्चात्ताप यांना व्यवहारात मोल आहे. हिरोशि वागात्सुमा आणि आर्थर रोझेट यांनी १९८६ च्या निबंधात जपान व अमेरिका यांची या दृष्टीने तुलना केली. माफी म्हणजे न्यायालयातील कबुली ठरेल या भीतीने अमेरिकेत वकील ती टाळण्याचा सल्ला देतात. त्यावर उपाय म्हणून मॅसेच्युसेट्स राज्याने त्याच वर्षी सहानुभूतीचे उद्गार पुरावा म्हणून न वापरण्याचा कायदा केला.

सैद्धांतिक चर्चा

अमेरिकी मानवशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी १९४६ च्या ग्रंथात जपानी संस्कृतीला ‘शरमेची संस्कृती’ आणि पाश्चात्त्य संस्कृतीला ‘अपराधभावाची संस्कृती’ म्हटले. शरमेला बाहेरचा प्रेक्षक लागतो, अपराधभावाला लागत नाही, असा या भेदाचा आशय आहे. बेनेडिक्ट कधीही जपानला गेल्या नव्हत्या. त्यांचे संशोधन युद्धकालीन सरकारी कामातून झाले होते. हे वर्गीकरण लोकप्रिय असले तरी ढोबळ आहे. केइइचि साकुता यांनी १९६७ मध्ये त्याची फेरतपासणी करून, प्रेक्षकाविना स्वतःच्या आदर्शापुढे वाटणारी शरमही असते, असे दाखवले. तादाशि इनोउए (१९७७) आणि इतिहासकार किन्या आबे (१९९५) यांनी सेकेनच्या संकल्पनेचा स्वतंत्र अभ्यास केला.

प्रत्यक्ष प्रकरणांतील पीडितांच्या मागण्या या वर्गीकरणात नीट बसत नाहीत. मिनामाताचे रुग्ण असोत वा अमागासाकीतील नातेवाईक, त्यांनी अधिकाऱ्यांच्या शरमेपेक्षा सत्यकथनाची मागणी केली. काय घडले, कोणास केव्हा ठाऊक होते आणि ते का सांगितले नाही, हे त्यांचे प्रश्न होते. लवणे हे त्या प्रश्नांचे उत्तर होऊ शकत नव्हते.

अलीकडील काळ

जपानच्या वकील महासंघाने २०१० मध्ये त्रयस्थ चौकशी समित्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तेव्हापासून माफीपाठोपाठ अशी समिती नेमण्याचा प्रघात दृढ झाला. तोशिबाच्या प्रकरणात अशा समितीने १५० अब्ज येनहून अधिक नफा फुगवून दाखवल्याचे नोंदवले आणि जुलै २०१५ मध्ये अध्यक्ष हिसाओ तानाका यांनी राजीनामा दिला.

मनोरंजन क्षेत्रातील जॉनीज या संस्थेने दिवंगत संस्थापकाने अल्पवयीन कलाकारांचे लैंगिक शोषण केल्याची कबुली सप्टेंबर २०२३ मध्ये दिली. टोकियो उच्च न्यायालयाने हे आरोप मुख्यतः खरे असल्याचे २००३ सालीच मान्य केले होते. पुढच्याच महिन्यातील पत्रकार परिषदेत, कोणत्या पत्रकारांना प्रश्न विचारू द्यायचे नाहीत याची यादी केली असल्याचे उघड झाले व नवा वाद उद्भवला.

जानेवारी २०२५ मध्ये फुजि टेलिव्हिजनने एका गैरवर्तन प्रकरणी निवडक पत्रकारांपुढे, चित्रीकरणास मनाई करून परिषद घेतली. जाहिरातदारांनी मोठ्या संख्येने जाहिराती थांबवल्या. २७ जानेवारीस खुली परिषद घ्यावी लागली. ती दहा तासांहून अधिक, मध्यरात्र उलटेपर्यंत चालली आणि त्याच दिवशी कंपनीच्या संचालक मंडळाचे प्रमुख व अध्यक्ष या दोघांनी पदे सोडली.

लोकप्रिय संस्कृतीत

२०१३ मधील ‘हान्झावा नाओकि’ ही बँकेतील सूडकथेची मालिका दोगेझाच्या दृश्यामुळे गाजली. तिच्या अंतिम भागाला कांतो विभागात ४२.२ टक्के प्रेक्षक लाभले. त्याच वर्षी ‘शाझाई नो ओसामा’ (क्षमायाचनेचा राजा) हा विनोदी चित्रपट आला. २०१६ मध्ये आकागि कंपनीने ‘गारिगारि-कुन’ या बर्फाच्या कांडीची किंमत पंचवीस वर्षांनी ६० वरून ७० येन केली, तेव्हा सर्व कर्मचारी रांगेने लवून माफी मागत असल्याची जाहिरात प्रसारित झाली. दहा येनांसाठीचे हे लवणे म्हणजे शाझाई काइकेनचे हसतखेळत केलेले विडंबनच होते.

दोगेझाचा आग्रह ग्राहकांकडूनही होऊ लागला आहे. २०१३ मध्ये साप्पोरो येथील एका कपड्यांच्या दुकानात कर्मचाऱ्यांना दोगेझा करायला लावून त्याचे छायाचित्र प्रसृत करणाऱ्या ग्राहकास सक्ती केल्याच्या आरोपावरून अटक झाली. ग्राहकांकडून होणाऱ्या अशा छळाला प्रतिबंध करणारा टोकियो महानगराचा नियम १ एप्रिल २०२५ पासून अंमलात आला.